बारा फुटांची होडी, चार माणसं आणि हिडकलचं पाणी

जुलै महिन्यात बेळगावचा माणूस पेपर उघडला की आधी राकसकोपची पातळी बघतो. २४७५ फुटांना जलाशय भरला की गावभर निश्चिंती. पाण्याशी आमचं नातं एवढंच, नळाला येतं की नाही. त्यामुळे मी शिडाची होडी करतोय म्हटल्यावर उद्यमबागेत माझ्या लेथच्या शेडशेजारच्या शेडमधून पहिला प्रश्न आला, "समुद्र कुठाय की रे हितं?"

समुद्र नाही. पण घटप्रभेवर हिडकल धरण आहे, मलप्रभेवर नविलुतीर्थ धरण आहे, आणि चोर्ला किंवा आंबोली उतरलं की खाडी आहे. चार माणसांच्या घराला एवढं पाणी उरून पुरतं. कमी पडते ती जागा, सुट्टी आणि उचलायला हात. म्हणून हा लेख त्या बाजूने लिहिला आहे. होडी कशी चालवायची ते कुणीही शिकवेल. घरातल्या सगळ्यांना पुढच्या रविवारी पुन्हा यावंसं वाटेल अशी होडी कशी ठेवायची, ते मला तीन वर्षं चुकून कळलं.

आधी घर मोजा

माझ्या डोक्यात पहिली दोन वर्षं अठरा फुटांची केबिनवाली होडी होती. आत झोपायला दोन बाकं, छोटा स्टोव्ह, वगैरे. नकाशे शेडच्या भिंतीवर चिकटवले होते. एक दिवस ही डबा द्यायला आली, नकाशा बघितला आणि म्हणाली, "अहो, छान आहे. उचलणार कोण?"

त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायला बसलो. तुम्हीही तेच करा, एक पैसा खर्च करायच्या आधी. कोण कोण येणार? त्यातलं पोहता कुणाला येतं? उन्हात सगळ्यात आधी कोण कंटाळतं, आणि किती वेळाने? होडी ठेवणार कुठे? पाण्यात ढकलायला खरोखर हजर असणारे हात किती? माझी उत्तरं अशी आली: दोघं मोठी, दोन मुलं, अधूनमधून आई. पोहणारे दोन. धाकटी अडीच तासांत किरकिर करते. जागा म्हणजे काकतीला मामांच्या शेतातला गोठ्याशेजारचा सोपा. हात दोन जोड्या.

यातून होडी आपोआप ठरली. लांबी बारा फूट, वजन सत्तर किलोच्या आत, चार माणसं बसूनही काठ पाण्यापासून वीतभर तरी वर, इंजिन नाही, दोन वल्ही. सगळा खर्च एका बऱ्या मोटारसायकलच्या आसपास बसला. अठरा फुटी होडीला ट्रेलर लागला असता, ट्रेलरला मोठी गाडी, आणि त्या गाडीच्या हप्त्यांसाठी रविवारीही शेड उघडी ठेवावी लागली असती.

शिकणं होडीच्या आधी

पोहण्यापासून सुरुवात करा. आमच्याकडे पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत सोडायची पद्धत आहे, ती वाईट नाही. फक्त पुढची पायरी घ्या: अंगात कपडे आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात पडायचं, पाठीवर तरंगायचं, काठापर्यंत यायचं. ओल्या जीन्समध्ये पोहणं काय असतं ते मुलांना विहिरीतच कळू दे.

शीड शिकायला जवळची खात्रीची जागा म्हणजे गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. मुलांना बहुतेक ठिकाणी ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या होडीवर शिकवतात. ती पेटीसारखी दिसते म्हणून हसू नका. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठीच तिचा आराखडा केला. लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो, आणि एका मुलाला सगळं एकट्याने करावं लागतं. माझा थोरला तिच्यावर चार दिवसांत जे शिकला, ते मला दोन महिने लागलं. घरातल्या दोघांनी तरी शिकलंच पाहिजे. एकच जण जाणकार असला तर तो पाण्यात पडल्यावर होडीत फक्त पाहुणे उरतात.

होडी बांधताना

बारा फुटी होडीसाठी प्लायवूडला तांब्याच्या तारेचे टाके घालून, सांधे एपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा घट्ट डिंक) आणि ग्लासफायबरच्या पट्टीने बुजवायची रीत सगळ्यात सोपी. इंग्लंडमध्ये १९६२ साली निघालेली मिरर नावाची होडी याच रीतीने हजारो लोकांनी घरी, गॅरेजमध्ये बांधली. आराखडा विकत घ्या, स्वतः डोकं लावू नका. मी लेथवर शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारा माणूस, तरी होडीची वळणं मनाने काढायची हिंमत केली नाही.

प्लाय घेताना आयएस ७१० शिक्का बघून मरीन ग्रेडच घ्या. आयएस ३०३ चं प्लाय दुकानदार "वॉटरप्रूफच आहे की" म्हणून देतो. ते स्वयंपाकघरातल्या कपाटाला ठीक. सहा मिलिमीटरचा आठ बाय चारचा ताव साधारण बारा किलोचा असतो, त्यावरून वजनाचा अंदाज घरबसल्या करता येतो. ताव आठ फुटांचा आणि होडी बारा फुटांची, म्हणजे जोड आलाच. दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांबीत, सहा मिलिमीटरला ४८ मिलिमीटर, उतरत्या तासून एकावर एक चिकटवायच्या. हे काम चांगल्या सुताराकडून करून घेतलं तर कमीपणा नाही.

एपॉक्सी वजनकाट्यावर मोजून मिसळा. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. बेळगावची जुलैची हवा एपॉक्सीला मानवत नाही. वर चिकट, दुधाळ थर येतो, आणि तो न धुता दुसरा हात दिला तर पापुद्रा सुटतो. माझा अख्खा तळ असा सुटला होता. जानेवारी ते मार्च ही खरी वेळ. हातमोजे विसरू नका.

शीड कसलं, यावर लोक तासन्‌तास बोलतील. कुटुंबासाठी मी एकच सांगेन: वरच्या कडेला परबाण, म्हणजे आडवी काठी, असलेलं चौकोनी शीड. डोलकाठी आखूड राहते, सगळी लाकडं होडीच्या आतच मावतात, आणि घाबरायची वेळ आली तर एक दोरी सोडली की शीड दोन सेकंदांत खाली. साडेसहा चौरस मीटर, म्हणजे साधारण सत्तर चौरस फूट, बास. पहिलं शीड मी ताडपत्रीचं, सपाट शिवून घेतलं आणि ते वाऱ्यात पत्र्यासारखं उभं राहायचं; होडी पुढे कमी आणि बाजूला जास्त. आईने बघून सांगितलं, "अरे, ब्लाऊजला टक्स घातल्याशिवाय गोलाई येईल काय?" शिडाचं मर्म तेच आहे. पट्ट्यांच्या शिवणी किंचित कमानदार कापल्या की कापडाला पोट येतं, आणि त्या पोटामुळे होडी वाऱ्याविरुद्ध तिरकी चढू शकते. दुसरं शीड डेक्रॉनचं, म्हणजे शिडाच्या खास कापडाचं, आईच्या देखरेखीखाली, मांडववाल्याच्या मशिनवर शिवलं. शीड लहान करायला दोरांच्या दोन रांगा सुरुवातीलाच शिवून घ्या.

सुकाणूच्या बिजागऱ्या मी स्वतः केल्या, ३०४ स्टेनलेसच्या. धरणात त्या चालतात. खाडीत न्यायचं असेल तर ३१६ वापरा. एका दिवाळीत मालवणच्या पाण्यात जाऊन आलो तर ३०४ वर चहाचे डाग पडावेत तशी तांबेरी चढली होती.

होडी भरली तरी बुडता कामा नये. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो वजन तारते, हा हिशोब धरून बाकांखाली वीस लिटरचे आठ घट्ट झाकणाचे कॅन पट्ट्यांनी आवळून बांधा. दीडशे किलोच्या वर आधार मिळतो. कॅन सुटे ठेवू नका, उलटल्यावर ते तुमच्याआधी काठाला पोहोचतात.

लाइफ जॅकेट मात्र घरी शिवायचं नाही. मुलांना आणि न पोहणाऱ्यांना १०० न्यूटनचं (हा तरंगवण्याचा जोर), डोक्यामागे कॉलर आणि मांड्यांमधून पट्टा असलेलं. मुलाला घालून जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. "पुढच्या वर्षी बसेल" हा गणवेशाचा नियम इथे लावू नका.

पाणी कुठलं

राकसकोप नको, ते पिण्याचं. किल्ला तलाव छोटा. कृष्णा कुटुंबासाठी नको: सांगलीपासून आमच्या चिकोडी भागापर्यंत नदीत मगरी आहेत, तशाच दांडेलीला काळी नदीत. कृष्णाकाठची जुनी माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पैलतीराला जात, त्यांच्या धाडसाला नमस्कार, पण आपण सुट्टीला निघालोय.

उरतात हिडकल आणि नविलुतीर्थ. दोन्ही पाटबंधाऱ्याची धरणं आहेत, म्हणून लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत होडीत ठेवा. देशांतर्गत नौकांसाठी २०२१ चा कायदा आहे आणि त्यात इंजिन नसलेल्या नौकांचं वेगळं प्रकरण आहे; तेही अर्जाआधी वाचा. मला एका कार्यालयात चार खेपा झाल्या, कारण अर्जात मी "बोट" लिहिलं होतं आणि समोरच्याला वाटलं मी पर्यटकांकडून तिकीट घेणार. "कुटुंबापुरती, विनाइंजिन, बारा फुटी होडी" असं लिहिल्यावर बोलणं सरळ झालं. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर तुमचाही वेळ वाचतो, त्यांचाही.

हिडकलला एक गोष्ट नकाशावर बघून ठेवा. घटप्रभा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, भिंत पूर्वेला. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. म्हणजे काही न करता तरंगत राहिलात तर तुम्ही भिंतीकडेच जाल. सांडव्यापासून आणि भिंतीपासून लांब राहा, किमान एक किलोमीटर हा आमच्या घरचा नियम.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम. पाणी भरलेलं असतं, सकाळी पूर्वेकडून नेमस्त वारा असतो. मार्चनंतर पाणी उतरतं आणि बुडालेली गावं वर येऊ लागतात. हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर आलेलं बघायला लोक आवर्जून जातात. ते दिसतं म्हणून टळतं. हातभर पाण्याखाली उभी असलेली जुनी भिंत किंवा विहिरीचा कठडा दिसत नाही. त्या दिवसांत सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी फळी, अर्धा वर घेऊन, गाढवाच्या चालीने जा.

उलट, धरण काठोकाठ असताना वर बघा. पाण्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि तुमच्या डोलकाठीचं टोक यांतलं अंतर पातळी चढली की कमी होतं. तारा दिसल्या की शीड उतरवून, डोलकाठी आडवी करून वल्हवत जा, किंवा मागे फिरा.

वाऱ्याचा हिशोब

पहाटे मोबाइलवर वारा बघायचा. पाच ते दहा नॉट, म्हणजे ताशी नऊ ते अठरा किलोमीटर, हा घरच्यांसोबतचा वारा. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. पाच नॉटला झोप आणणारी होडी दहाला जागं करते, पंधराला सगळ्यांना ओरडायला लावते. पाण्यावर सगळीकडे फेसाचे तुरे दिसू लागले तर निघू नका. मध्येच दिसले तर शीड लहान करा. शीड लहान करावं का, असा प्रश्न मनात आला की करावं.

मोबाइलपेक्षा काठावरचे कोळी बरे. एकदा सगळं सामान उतरवलं, मुलांना जॅकेटं चढवली, आणि जाळं झटकणारे एक आजोबा आकाशाकडे बघून म्हणाले, "गाळी जोर ऐति. इवत्त ब्याड." वारा जोरात आहे, आज नको. मोबाइल सात नॉट दाखवत होता. आम्ही काठावरच डबे उघडले. तासाभरात समोरचं पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. त्या दिवशी होडी भिजलीही नाही, आणि धाकटी अजून त्याला "चांगली ट्रिप" म्हणते. त्यांच्या जाळ्यांना वळसा घालून जा. ओळीत तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे.

एप्रिल-मेमध्ये वळवाची भीती खरी आहे. सकाळी सहाला पाण्यात, अकराला बाहेर. ढगाचं बूड काळं झालं, वारा एकदम पडला आणि मग गार झुळूक आली, तर शीड उतरवा आणि जवळचा काठ धरा, मग तो तुमचा असो नसो. गडगडाट ऐकू आला तर उंच काठीखाली बसून राहायचं नाही.

पाण्यात

होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून, घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी चढते. शिडाची दोरी सैल सोडा, शीड फडफडेल; फडफड थांबेल एवढीच ओढा. दोरी कधीही गाठ मारून ठेवू नका, हातातच हवी. झोत आला तर ती सोडली की होडी सरळ होते. वारा पाठीशी असताना वळताना आडवी काठी झपकन पलीकडे जाते. आमच्याकडे त्या वेळी "डोकं!" असं ओरडायचं काम धाकटीचं आहे आणि ते ती गरजेपेक्षा जास्त मनापासून करते.

नेहमी आधी वाऱ्याविरुद्ध जा, परत येताना वारा पाठीशी घ्या. दमलेली मुलं घेऊन नागमोडी चढायची पाळी येऊ नये.

पहिल्या दिवशी होडी मुद्दाम उलटवा. काठाजवळ, गळाभर पाण्यात, ऊन असताना. एकाने सेंटरबोर्डवर उभं राहून होडीचा काठ धरून मागे झुकायचं, दुसऱ्याने पाण्यातूनच आतल्या बाजूला लटकायचं म्हणजे होडी सरळ होताना तोच आत येतो, मग बादलीने पाणी उपसायचं. तीनदा करा. आमची ही पोहणारी नव्हती आणि या दिवसाला सगळ्यात जास्त भ्यायली होती. तिसऱ्यांदा उलटवताना तिनेच काठ ओढला. उलटलेली होडी सोडून कुणीही काठाकडे पोहत निघायचं नाही, हे मुलांकडून पाठ करून घ्या.

किती लांब जायचं? बारा फुटी होडीची धाव पाण्यातल्या लांबीने बांधलेली असते. कितीही शीड लावलं तरी साडेचार नॉटच्या फार पुढे ती जात नाही, आणि घर भरून बसलेलं असताना ताशी पाच किलोमीटर मिळाले तरी खूप. वारीतल्या चालीएवढा वेग. नागमोडीत निम्मं अंतर जातं. म्हणून दोन-अडीच किलोमीटरवरचं एखादं झाड, एखादं टेकाड ठरवायचं. सुरुवातीला मी दिवसाला पंधरा किलोमीटरचे बेत आखायचो आणि सगळी परतायची ती एकमेकांशी न बोलता. आता धाकटीची अडीच तासांची मर्यादा हेच आमचं घड्याळ आहे. दोन तास झाले की टेकाड आलेलं असो नसो, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, घराकडे वळते. "अजून थोडं" असं तिने म्हणायच्या आत परतणं, एवढंच मी आता जपतो.

खाणं सोपं: ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दहीबुत्ती, केळी. कुंदा नेऊ नका, हात चिकट होतात आणि सुकाणूही. पाणी माणशी दोन लिटर, पूर्ण बाह्यांचे कपडे, दोरी बांधलेल्या टोप्या. आई येणार असेल तर मध्ये काठाला लागायची जागा आणि आडोसा आधी बघून ठेवा. यावर कुणी बोलत नाही, आणि घरातल्या बायका दुसऱ्यांदा न येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

खाडीत जाताना

दोन हंगाम धरणात काढल्यावर दिवाळीच्या सुट्टीत होडी छोट्या हत्तीवर घालून तारकर्ली-देवबागला कर्ली नदीच्या खाडीत न्या. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राच्या वाटेला आपणही जायचं नाही. शाळेतला मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांचा धडा इथे डोळ्यांनी दिसतो: सकाळी जमिनीकडून, दुपारनंतर समुद्राकडून. भरती-ओहोटी मात्र घाटावरच्या माणसाला अंगवळणी पडायला वेळ लागतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा मुंबईकडचा हिशोब. मालवण-कारवारला भरती त्याआधी येते, म्हणून छापील तक्ता बघाच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तिथे दोनेक मीटरचा फरक पडतो. ओहोटीचं पाणी मुखाकडे ओढतं आणि मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, त्यामुळे चढत्या भरतीला निघून खाडीत आत जायचं, आणि ओहोटी सुरू झाली की तिच्याबरोबर सावकाश परत, मुखाच्या कितीतरी अलीकडे थांबून. मुक्काम घरगुती खोलीत. नांगर टाकताना भरतीच्या खोलीच्या पाचपट तरी दोर सोडा.

परत आल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुवा, शीड सावलीत वाळवा, उंदरांपासून लांब गुंडाळून ठेवा. मेअखेर होडी उलटी करून दोन लाकडांवर ठेवायची, म्हणजे खालून हवा खेळते आणि प्लाय कुजत नाही. गेल्या वर्षी ती तशी ठेवली आणि ऑक्टोबरात काढायला गेलो, तर मामांची कोंबडी बाकाखाली अंड्यांवर बसलेली. मामी म्हणाली, "एकवीस दिवस थांब की, काय घाई आहे?" थांबलो. त्या हंगामात आम्ही नोव्हेंबरात पाण्यात उतरलो, आणि बादलीत अजूनही कधीकधी एखादं पीस सापडतं.